अनुभव धागा : कोविडच्या रात्री आणि आपली झोप

कोविडचा विषय निघाला की ऑक्सिजन, बेड, रेमडेसिव्हिर आठवतं. रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्यांच्या झोपेचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात माझा दवाखाना आहे. तेव्हा कोविड केंद्रावर पाळ्याही केल्या. अजूनही सिस्टर, आशाताई, रुग्णवाहिकेचे चालक तपासायला येतात आणि बीपीचं सांगता सांगता हळूच म्हणतात, "डॉक्टर, तेव्हापासून झोपेची घडी बसली नाही ती नाहीच." म्हणून हा धागा. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कुणीही लिहा. नाव नको, रुग्णालयाचं तर नकोच. आणि कुठली गोळी लागू पडली ते कृपया लिहू नका. वाचणारा तडक मेडिकल गाठतो.

स्टाफ नर्स, रत्नागिरी जिल्हा

दुसऱ्या लाटेत, 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, मी आमच्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेतीच्या सामानाच्या खोपटात, राहायचे. घरात सासऱ्यांना डायबेटिस, मुलगी लहान. नाईट करून आले की मागच्या दारी पाणी तापलेलं असायचं. तिथेच आंघोळ, कपडे बादलीत आणि थेट मांगर. एका बाजूला पेंढा, दुसऱ्या बाजूला काजूबियांची पोती, मध्ये माझी खाट. पीपीई किटमध्ये घाम गाळून अंग मोडून आलेलं असायचं, पण झोप कुठली! वर पत्रा, दहा वाजले की तापायला सुरुवात. त्यात आंब्याचे दिवस. वानरांची टोळी पत्र्यावरून धाडधाड, तिच्यामागे राखणदार डबा बडवत. खिडकीला ताडपत्री ठोकली तर उजेडाबरोबर वाराही बंद. मुलगी खळ्यातून हाक मारायची, "आई, उठलीस?" मग उठायचेच. लांबून का होईना, तेवढंच बोलणं.

डोळा लागला तरी कानात मॉनिटर. रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन खाली गेला की वाजतो ना, तो. दचकून उठायचं तर समोर पोती. आजही कुणी गाडी रिव्हर्स घेतली की तसंच होतं, आणि रात्री तीनला जाग येते ती येतेच.

आशा, सिंधुदुर्ग

कागदावर आमची रात्रपाळी नव्हतीच. पण 2020 च्या मे महिन्यात चाकरमानी यायला लागले ते रात्रीचेच. प्रवासाचा पास हातात पडला की निघायचे, दोन-तीनला गावात. विलगीकरण गावच्या शाळेत. "ताई, आमी पोचलो, शाळेची चावी खंय आसा?" टॉर्च घेऊन जा, नावं लिहा, ताप बघा. परत येऊन पडेपर्यंत कोंबडं आरवायचं, आणि दिवसा सर्व्हे होताच. गणपतीला पुन्हा तेच. 22 ऑगस्टची चतुर्थी, आधी विलगीकरणाचे दहा दिवस, त्यामुळे महिना लागल्यापासूनच रीघ. ज्यांना शाळेत ठेवलं ते माझ्यावर चिडलेले, आणि अमक्याला ठेवलंच नाही असं ज्यांना वाटायचं तेही माझ्यावरच. फोन वाजला नाही त्या रात्रीही आता वाजेल म्हणून मी जागीच.

वॉर्डबॉय, रायगड

माझं उलट. स्ट्रेचरला टेकलो तरी झोप लागायची. बायको म्हणते अजून तसाच आहे.

*(धागाकर्ता : दादा, घोरता का ते वहिनींना विचारा. दिवसा कुठेही डोळा लागणं आणि घोरणं एकत्र असेल तर हसण्यावारी नेऊ नका, तपासून घ्या.)*

रुग्णवाहिका चालक, रत्नागिरी जिल्हा

आंबा घाटातून कोल्हापूरला पेशंट सोडायचो. जाताना झोप येत नाही. मागे माणूस ऑक्सिजनवर, सिलिंडर पुरतो की नाही हा घोर. परतीला गाडी रिकामी, पहाटेचे चार, आणि घाट उतरताना डोळे मिटायला लागतात. काच खाली घेतली, गाणी मोठ्यानं लावली, काही उपयोग नाही. साखरप्याला गाडी बाजूला घेऊन सीट मागे टाकायची. लगेच फोन : कुठे आहात?

*(धागाकर्ता : यांनी केलं तेच बरोबर. सलग 17 तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं अभ्यासांत दिसलंय. आपल्या कायद्यात चालकाला मर्यादा 30 मिलिग्रॅमची. पहाटे तीन ते पाच तर शरीर ओहोटीला लागलेलं असतं. तिथे वीस मिनिटांची डुलकी कामी येते, वारा आणि गाणी नाही.)*

वैद्यकीय अधिकारी, रायगड

सांगायला विचित्र वाटतं, पण त्या वर्षातली माझी सगळ्यात चांगली झोप निसर्ग वादळानंतरची. 3 जून 2020 ला श्रीवर्धनच्या पट्ट्यात ते धडकलं. पोफळी आडव्या, क्वार्टरची कौलं उडालेली, वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे रात्री अकराला येणारे अहवालाचे मेसेज नाहीत. काळोख पडला की डास मारत पडायचं आणि उजाडलं की उठायचं. वीज आली, ग्रुप सुरू झाले, आणि मी पुन्हा दोनपर्यंत छताकडे बघत.

परिसेविका (निवृत्त), रत्नागिरी जिल्हा

ड्युटीचा तक्ता मी लावायचे, म्हणून लिहिते. आमच्याकडे नाईटवरून उतरलेल्या मुलीला एका सुट्टीनंतर लगेच मॉर्निंग असायची. मी क्रम फिरवला : आधी सकाळ, मग दुपार, मग रात्र. सलग नाईट कमी केल्या, शेवटच्या नाईटनंतर दोन दिवस मोकळे. रात्री आळीपाळीनं अर्धा तास पडायला लिननच्या खोलीत गादी टाकली. वरून विचारणा झाली, "ड्युटीवर झोपायला पगार देतो का?" गादी काढली नाही. औषधांच्या नोंदीतली खाडाखोड कमी झाली, ते रजिस्टरच दाखवलं.

*(धागाकर्ता : सिस्टर, हे प्रत्येक वैद्यकीय अधीक्षकाच्या टेबलावर चिकटवायला हवं. योगा करा, दूध प्या, असे सल्ले आम्हाला खूप मिळाले. तक्ता मात्र कुणी बदलत नव्हतं. आणि आशाताईंचा तर तक्ताच नव्हता.*

*मांगरातल्या सिस्टरना : रात्री तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका. बराच वेळ झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत जा. उठायची वेळ ठरलेली ठेवा, रात्र कशीही गेली तरी. इतकी वर्षं चाललंय म्हणजे निद्रानाशासाठीचा सीबीटी-आय हा उपचार घ्या; त्यात झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवतात. जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी तेच सुचवतात. गाडीच्या आवाजानं दचकता तेही तिथे सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.*

*लॅब, एक्स-रे आणि सफाईवाल्यांपैकी अजून कुणी लिहिलेलं नाही. टाईप करायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा, मी उतरवून घेईन.)*