सासऱ्यांना फुप्फुसाच्या तपासणीला कसं तयार करू?

एडिसनची_सून: सासरे ६८ वर्षांचे, आता इथे न्यू जर्सीतच असतात. एसटीत मेकॅनिक होते. ३५ वर्षं सिगारेट ओढली, सोडून ६ वर्षं झाली. डॉक्टर लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणांचं छातीचं स्कॅन, सुचवतात. बाबांचं एकच, "खोकला नाही, ठसका नाही, कशाला उकरून काढायचं?" वर फॉर्मवर चक्क "कधीच ओढली नाही" लिहायला लावलं, कारण दुभाषी मी!

निवांत_काका: अहो, सुनेसमोर कोण कबूल करेल? फोनवरचा मराठी दुभाषी मागा. इथे २०२१ पासूनचा निकष असा: वय ५० ते ८०, सोडून १५ वर्षांच्या आत, आणि किमान २० 'पॅक-इयर', म्हणजे रोजची पाकिटं गुणिले ओढल्याची वर्षं. त्यात पाकीट २० सिगारेटींचं धरतात. आपल्याकडची १० ची दोन म्हणजे इथलं एक, एवढं सांभाळा.

मीरा_ताई: माझ्या वडिलांना म्हटलं, पीयूसी काय गाडी धूर ओकायला लागल्यावर करता? गेले गुपचूप. सुई नाही, उपास नाही, काही मिनिटांचं काम. डाग निघाला तरी हबकू नका, बहुतेकदा तो कॅन्सर नसतो. आमच्याकडे जुन्या टीबीचा व्रण निघाला.

एडिसनची_सून: एसटीवाल्याला पीयूसी! भारी. शुक्रवारी नवऱ्याला आत पाठवते, मी गाडीतच बसेन.