स्टील नको, जाड प्लास्टिकचीच घ्या

बोटीवरच्या संडासाचा मैला साठवायच्या टाकीला स्टेनलेस स्टील टिकाऊ, असं काही जण म्हणतात. पिण्याच्या पाण्याला ठीक आहे. पण मैल्यातले क्षार वेल्डिंगच्या रेषेवरच आधी हल्ला करतात आणि गळती तिथून सुरू होते. पॉलिथिलीन या प्लास्टिकची, ९-१० मिमी जाडीची टाकी घ्या. लवचीक पिशवी वेड्यावाकड्या जागेत बसते खरी, पण लाटांत घासून फाटते.

हातपंपाच्या संडासाला दर वेळी अडीच लिटर धरा. चौघे, माणशी पाच वेळा म्हणजे दिवसाला ५० लिटर. दोन दिवसांची टाकी भरली की १०० किलोच्या वर. म्हणून नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात नको, मध्याजवळ आणि खाली बसवा.

खरी गोम टाकीत हवा ये-जा करणाऱ्या नळीत आहे. बारीक नळी तुंबते, आणि किनाऱ्यावरच्या पंपाने उपसा सुरू झाला की टाकी आत चेपते. २५ मिमी, आखूड, सतत चढती नळी हवी. मैल्याची नळी ३८ मिमी.

पॉलिथिलीनला गोंद धरत नाही. म्हणून नळ्या जोडायच्या तोंडांच्या जागा आराखड्यावर दाखवून ती तोंडं कारखान्यातूनच जोडून घ्या. आणि ऑर्डरआधी केबिनचं दार मोजा, टाकी त्यातून आत जायला हवी!