प्रति: फ्रिज विजेवर चालतो, गॅसवर गार होत नाही

तुमच्या कॅम्पर गाडीतला (RV) वीज आणि गॅस दोन्हींच्या उष्णतेवर चालणारा फ्रिज विजेवर व्यवस्थित गार होतोय ना? मग कूलिंग युनिट (उष्णता घेऊन गारवा तयार करणारी बंद नळ्यांची यंत्रणा) शाबूत आहे. या चर्चेत वर कुणी ते युनिट बदलायला सांगितलंय, त्या खर्चात पडू नका. गॅसवर उष्णता कमी पडतेय, एवढंच.

बाहेरची जाळी काढून ज्योत बघा. निळी, ताठ, हलकी फुरफुरणारी हवी. पिवळी किंवा लवलवती असेल तर बर्नरच्या खाचांत बहुधा धुराड्यातून पडलेले गंजाचे पापुद्रे असतात. सिलिंडर बंद करा, सगळं निवू द्या, धुराड्यात तारेवर टांगलेला पिळाचा पत्रा (बॅफल) वर ओढून काढा आणि नळी ब्रशने झाडा. पत्रा परत लावताना पहिल्याच उंचीवर टांगा. इथेच बरेच जण चुकतात: तो वरखाली झाला की उष्णता जनरेटरला (कूलिंग युनिटचा ज्योतीने तापणारा भाग) न लागता सरळ वर निघून जाते, ज्योत कितीही सुंदर असो.

जेटमध्ये (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) सुई घालू नका, भोक मोठं झालं तर जेट फुकट. स्पिरिटमध्ये भिजवून वाळू द्या.

ज्योत निळी पण मरतुकडी असेल तर दाब मोजा. अमेरिकी गाड्यांत तो 11 इंच वॉटर कॉलम, म्हणजे साधारण 27 मिलिबार हवा, तोही शेगडी चालू ठेवून. नाहीतर अशक्त रेग्युलेटर पकडला जात नाही.

जोडणीनंतर सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासा. गाडी समतल ठेवा आणि निकाल रात्रभर चालवूनच ठरवा, तासाभरात काही कळत नाही.