लाल पंख म्हणजे इलियाच असं नाही

वर एका पतंगाच्या (मॉथ) फोटोखाली कुणीतरी म्हटलंय की मागचे पंख लाल आणि त्यावर काळे पट्टे म्हणजे इलिया अंडरविंगच, म्हणजे अंडरविंग गटातल्या पतंगांची इलिया ही जात. फोटोतला इलिया असेलही, पण नुसत्या लाल रंगावर ठरवू नका, नॉर्थ अमेरिकेत अंडरविंगच्या शंभराच्या आसपास जाती आहेत आणि लाल-केशरी-गुलाबी पंखवाल्या बऱ्याच आहेत. पुढच्या पंखावरचा मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका बघा, इलियात तो बरेचदा पांढरा किंवा पांढऱ्या कडेचा असतो. आणि आसपास झाडं कुठली ते नक्की लिहा, इलियाच्या अळ्या ओक खातात, गडद गुलाबी पंखांची डार्लिंग अंडरविंग विलो-पॉप्लरवर वाढते.

अजून एक, अंड्यांचा विषय कुणी काढलाच नाही इथे. वर्षाला एकच पिढी, मादी सालीच्या भेगांत अंडी घालते आणि अख्खा हिवाळा अंड्यांच्या रूपातच जातो, पालवी फुटताना अळ्या बाहेर येतात. दिवसा फांदीला अशा चिकटून बसतात की कडेच्या केसांच्या झालरीमुळे सावलीसुद्धा पडत नाही, फार सुंदर प्रकार आहे! म्हणून अळ्या टॉर्च घेऊन रात्री शोधा. कोष पडलेल्या पानांत होतो, तेव्हा मे-जूनमध्ये ओकखालचा पालापाचोळा प्लीज झाडू नका.