मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या थंडीत बाल्कनीचे पोपडे पडताहेत, दोष पाल्याचा (गोठलेल्या दवाचा) की ओलीचा?

मंडळी, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमचं जुनं घर आहे. रस्त्याकडची बाल्कनी दोन तुकड्यांची. अर्धी आजेसासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची, वाळूच्या दगडाची. उरलेली सासऱ्यांनी १९८९ साली स्लॅब टाकून वाढवलेली.

गेल्या आठवड्यात चार दिवस धुकं हटलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी स्लॅबच्या खालच्या अंगाचा भाकरीएवढा पोपडा तुळशीच्या कुंडीत येऊन पडला. उलटा करून पाहिला, तर आतून तांबूस आणि त्यावर सळईच्या पिळांचा ठसा, साच्यातून काढल्यासारखा. दगडाकडे वेगळीच तऱ्हा. पापडासारखे पापुद्रे सुटतात आणि खाली पांढरी भुकटी. (जिभेला लावून पाहिली, खारट आहे. सासूबाई ओरडल्या.)

अमेरिकेत मिनियापोलिसला असलेले धाकटे दीर म्हणतात, हे गोठण्यामुळे, तिकडे सर्रास होतं. इथेही लोक 'पाला पडला' म्हणतातच. ठेकेदाराचं म्हणणं, "भाभी, पुट्टी भरके वॉटरप्रूफ पेंट मार देंगे, परसों फुरसत." मला ते परवा मोकळं होणं काही पटत नाही. खरं कारण काय, आणि काम आत्ता करायचं की थांबायचं?

प्रतिसाद १

ताई, तीस वर्षं साइटवर काढली आहेत म्हणून ठामपणे लिहितो. दिरांचं तिकडचं बरोबर आहे. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. भिजलेल्या काँक्रीटमध्ये हे हिवाळाभर पुन्हापुन्हा झालं की पृष्ठभाग सुटतो, त्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ भर घालतं. आपल्याकडे पहाटे गवतावर पाला दिसतो, पण स्लॅबच्या पोटातलं पाणी रोज गोठावं इतकी थंडी ग्वाल्हेरला नसते. तुमचा गुन्हेगार गंज आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट ढकलून देतो. पोपड्यावरचा ठसा तेच सांगतोय. धुक्याने फक्त शेवटचा धक्का दिला, पाणी बरीच वर्षं मुरत असणार.

आधी कुंड्या उतरवा आणि खाली कुणाला बसू देऊ नका. मग लहान हातोडीने टकटक करत जा. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल करा. कुणी "पाणी भरून बघा" म्हणेल, ते मात्र करू नका. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो ओझं, तेही सळया गंजलेल्या स्लॅबवर! त्याऐवजी खालच्या बाजूला हातभर प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत धरले तर ओल स्लॅबमधून येतेय, बाहेरून धरले तर हवेतली.

खालून वॉटरप्रूफ रंग अजिबात नको. पाणी वरून येतं, खालून दार लावलं की ते आतच कोंडतं.

प्रतिसाद २

दगडाबद्दल थोडं. तिथे सिमेंट भरू देऊ नका, ऑइलपेंटही नको. सांधे सिमेंटने बंद झाले की ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठून पापुद्रा उचलतात. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा. धुतलीत तर मीठ पुन्हा आत. सांधे चुन्यानेच भरायचे.

मूळ लेखिका

दोघांचेही आभार. प्लॅस्टिक लावलं होतं, थेंब आतल्या बाजूला! मग वर जाऊन नीट पाहिलं. काही वर्षांपूर्वी जुन्या कोब्यावर टाइल्स बसवल्या, तेव्हा पन्हाळीचं तोंड होतं तिथेच राहिलं आणि कडेची टाइल बोटभर उंच झाली. म्हणजे पाणी पन्हाळीकडे न जाता भिंतीकडे वळतंय, आणि तिथल्या कोपऱ्यात कायम शेवाळ. आम्ही ते घासत होतो इतकी वर्षं.

प्रतिसाद १

सापडलं मग. टाइल्स काढून मीटरला एक सेंटिमीटर ढाळ पन्हाळीकडे द्या, भिंतीच्या कोपऱ्यात गोलाई, त्यावर वॉटरप्रूफिंग भिंतीवर वीतभर चढवून. स्लॅबच्या बाहेरच्या कडेला खालून खाच ठेवा, म्हणजे पाणी तिथेच टपकेल, पोटाखाली सरकणार नाही. खालचं सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, तारेच्या ब्रशने लोखंड चकचकीत करायचं, मग पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर. सळई बारीक झालेली दिसली तर मिस्त्रीवर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खाली लाकडी बल्ल्यांचा टेकू देऊनच तोडफोड.

आणि रात्री पारा पाचाच्या खाली जातोय तोवर सिमेंटचं काम नको, ते धड पकडत नाही. होळीच्या सुमारास करा. तोवर पन्हाळ मोकळी ठेवा आणि मावठ (हिवाळी पाऊस) आलं तर वर ताडपत्री.

मूळ लेखिका

इंजिनिअर शनिवारी येताहेत. बाल्कनीला दोरी बांधलीय, तुळस अंगणात. ठेकेदाराला होळीनंतर या म्हटलं, तो हिरमुसला. आता एकच राहिलं: लश्करमध्ये चुन्याचं काम अजून करणारा मिस्त्री कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.