टपल कंसाने होते की स्वल्पविरामाने?

खानापूरकर मास्तर
'पायथन शिकणाऱ्या नवख्यांना टपल शिकवूच नये. ती म्हणजे गोल कंसातली लिस्ट, बाकी काही नाही,' असे काल टिळकवाडीकरांनी ठामपणे लिहिले, म्हणून हे उत्तर. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिस्ट आणि टपल या दोन्ही किमतींच्या (व्हॅल्यूंच्या) क्रमाने लावलेल्या रांगा; लिस्ट नंतर बदलता येते, टपल बदलता येत नाही. टपल कंसाने होत नाही, स्वल्पविरामाने होते. दोन किमतींमध्ये नुसता स्वल्पविराम दिला तरी टपल तयार होते. उलट एकाच किमतीभोवती कंस घातले तर ती किंमतच राहते. अपवाद फक्त रिकाम्या टपलचा, तिथे मोकळे कंस लागतात. गेल्या दिवाळीत ओळखीच्या मिठाईवाल्यासाठी मी दरपत्रक छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पदार्थांत एकच नाव उरले होते. कंसात 'कुंदा' लिहून मी शेवटचा स्वल्पविराम विसरलो आणि लूपने, म्हणजे एकेक घटक घेत जाणाऱ्या आवर्तनाने, पाच ओळी छापल्या: क, उकार, अनुस्वार, द आणि काना. एररसुद्धा आली नाही, कारण पायथनच्या लेखी ती साधी स्ट्रिंग, म्हणजे अक्षर-चिन्हांची माळ, होती.

टिळकवाडीकर
मास्तर, ही साक्ष माझ्याच बाजूची झाली. माझे तर उलटे झाले: दराच्या ओळीअखेर चुकून स्वल्पविराम पडला, दराची टपल झाली आणि दोन किलोंसाठी दोनने गुणल्यावर ९६० न येता ४८०, ४८० असा तोच दर दोनदा आला. शिवाय टपलमध्ये लिस्ट ठेवली तर आतली लिस्ट खुशाल बदलते. मग 'न बदलणारी' हे बिरूद कशासाठी?

निपाणीकर
घोळाचे मूळ शाळेच्या गणितात आहे. क्रमित जोडी आपण कायम कंसात लिहीत आलो, त्यामुळे कंस म्हणजेच जोडी हे डोक्यात पक्के बसते. त्यातही आमच्या क्लासमधले सर टपलला 'अपरिवर्तनीय संच' म्हणत. संच म्हणजे सेट! त्याला ना क्रम, ना पुनरुक्ती. मी मराठी माध्यमातून आलेला, शब्दावर विश्वास ठेवला आणि परीक्षेत 'टपलमध्ये एकच किंमत दोनदा येत नाही' असे लिहून गुण घालवले. 'क्रमित' हा शब्द हाताशी असताना तो का वापरत नाहीत?

शहापूरची वाचक
माझ्या वर्गात निम्मी मुले कन्नड बोलणारी आहेत. 'टपल' म्हटले की दोघांनाही एकदम कळते; 'अपरिवर्तनीय क्रमित' काही म्हटले तर मराठी मुलेही खिडकीबाहेर पाहू लागतात.

निपाणीकर
म्हणजे मराठी शब्द सुचवणारा अडाणी, असेच ना? बेळगावात बसून हे ऐकावे लागते, याचे नवल वाटते.

शहापूरची वाचक
अडाणी मी म्हटलेले नाही, ते आपण स्वतःच म्हणालात. 'संच' चुकीचा आहे हे मात्र मान्य, आणि तेवढेच मान्य.

खानापूरकर मास्तर
बिरुदाविषयी. टपलचे कप्पे पक्के असतात, कप्प्यातल्या वस्तूची हमी ती देत नाही. आतल्या लिस्टला 'अधिक-बरोबर' चिन्हाने काही जोडले तर एररही येते आणि लिस्ट बदललेलीही असते, हा प्रकार विचित्र आहे हे मी नाकारत नाही. पण बसभाड्याची डिक्शनरी, म्हणजे 'की' (किल्ली) दिली की तिची किंमत देणारी नोंदवही, करून पाहा. 'बेळगाव, निपाणी' ही टपल तिची 'की' होते, आणि 'निपाणी, बेळगाव' ही वेगळी 'की'. लिस्ट दिलीत तर पायथन ती घेतच नाही, कारण उद्या बदलू शकणाऱ्या गोष्टीवरून भाडे शोधायचे कसे? गावे आधी कळत नसतील तर लिस्टमध्ये भरत जावे आणि शेवटी तिची टपल करून घ्यावी.

टिळकवाडीकर
बसभाड्यापुरते मान्य, मास्तरांचा विजय असो. पहिल्या आठवड्यात मात्र मी टपल शिकवणार नाही, आणि शिकवीन तेव्हा कंस घालूनच शिकवीन, स्वल्पविरामासकट.

निपाणीकर
संच म्हणणार नाही ना, एवढे आधी सांगा.