‘हुजूर पक्ष’ : अर्थ, वय आणि मंचेरजी भावनगरी

प्रश्न : इंग्लंडच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठीत ‘हुजूर पक्ष’ म्हणतात. मूळ इंग्रजी नावाचा अर्थ जतन करणारा, जुने राखणारा असा असताना येथे ‘हुजूर’ कोठून आला? आणि १८९५ साली या पक्षातर्फे निवडून आलेले मुंबईचे सर मंचेरजी मेरवानजी भावनगरी यांच्याविषयी लिहिताना हा शब्द वापरावा का?

उत्तर : ‘हुजूर’ हा मूळ अरबी शब्द असून त्याचा पहिला अर्थ ‘उपस्थिती, सान्निध्य’ असा आहे, ‘हजर’ आणि ‘हजेरी’ ही त्याचीच भावंडे. राजाच्या सान्निध्यातले ते हुजूरचे, या अर्थाने हुजूर दफ्तर, हुजरात, हुजऱ्या हे शब्द मराठीत रुळले, आणि पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जेथे होती तेथील मुलींच्या शाळेला पुणेकर आजही हुजूरपागाच म्हणतात. त्यामुळे ‘हुजूर पक्ष’ हे इंग्रजी नावाचे भाषांतर नाही. राजसत्तेच्या आणि सरदार-जमीनदारांच्या निकट उभा असलेला पक्ष, असे ते मराठी माणसाने केलेले वर्णन आहे, आणि ‘मजूर पक्षा’शी (लेबर पक्षाच्या मराठी नावाशी) यमक जुळल्यामुळे ते पक्के झाले असावे. बातमीच्या मथळ्यात मावणारी इतकी नेटकी जोडी मला दुसरी आठवत नाही.

भावनगरींची कारकीर्द मात्र या जोडीत सहज बसत नाही. त्यांचा जन्म १८५१ साली मुंबईत झाला, शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले, आणि वडिलांच्या मागे भावनगर संस्थानाचे मुंबईतील वकीलपद, म्हणजे प्रतिनिधीपद, त्यांच्याकडे आले. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. १८९५ मध्ये पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन (ईशान्य) या कष्टकऱ्यांच्या मतदारसंघातून ते १६० मतांनी निवडून आले. त्यांनी हरवले ते उदारमतवादी पक्षाच्या जॉर्ज हॉवेल यांना, आणि हे हॉवेल मूळचे गवंडी व कामगार संघटनेचे जुने पुढारी होते. म्हणजे मजूर पक्ष जन्मण्याआधीच हुजुरांच्या उमेदवाराने एका खऱ्या मजुराला मजुरांच्याच वस्तीत हरवले होते! १९०० मध्ये भावनगरी पुन्हा, या वेळी ३७९ मतांनी, विजयी झाले. १९०६ मध्ये उदारमतवाद्यांच्या लाटेत त्यांची जागा गेली. मजूर पक्षाने आपले आजचे नाव घेतले तेही १९०६ मध्येच. म्हणून हुजूर–मजूर ही जोडी भावनगरींच्या संसदेतील काळाला आपण मागाहून लावतो, हे लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शंका : पण ते ब्रिटिश राज्याचे पाठीराखे आणि काँग्रेसचे टीकाकार होते. त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी उच्चाराशी खेळून विरोधक त्यांना ‘बाव अँड अ‍ॅग्री’, म्हणजे ‘वाका आणि मान्य करा’, असे म्हणत. मग ‘जी हुजूर’मधला हुजूर त्यांना अगदी चपखल नाही का?

उत्तर : त्या कोटीला मराठीत नेमका शब्द ‘होयबा’ हा आहे, आणि तो भावनगरींना लावणे मला अन्यायाचे वाटते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरील जाचक कायद्यांविरुद्ध त्यांनी स्वपक्षाच्याच सरकारला वारंवार प्रश्न विचारले. गांधीजींचा त्यांच्याशी त्या प्रश्नावर पत्रव्यवहार होता, आणि राजकारणात विरुद्ध टोकाला असलेल्या दादाभाई नौरोजींबरोबरही या एका बाबतीत त्यांनी काम केले. पक्षाच्या नावातला ‘हुजूर’ सत्तेचे सान्निध्य दाखवतो, तर ‘जी हुजूर’मधला स्वभावातली लाचारी, हे दोन अर्थ मिसळले की माणसाचे मूल्यमापन चुकते. तेव्हा ‘हुजूर पक्षाचे खासदार’ असे खुशाल लिहावे.

विचारसरणीविषयी लिहायचे असेल तर ‘परंपरावादी’ किंवा ‘स्थितिवादी’ हे शब्द बरे. ‘सनातनी’ला धर्माचा वास येतो. इतर देशांतील तशा पक्षांना ‘हुजूर’ म्हणू नये, कारण मराठीत ते या एकाच पक्षाचे नाव झाले आहे.

पुरवणी, लेखनाबाबत : ‘हुजूर पक्ष’, ‘हुजूर पक्षाला’ यांत ‘जू’ दीर्घच राहतो. शब्द एकटा येऊन त्याला प्रत्यय लागला की ‘मजूर–मजुरांचा’प्रमाणे ‘हुजुरांचा पराभव’ असा ऱ्हस्व लिहावा. वृत्तपत्रांत ‘हुजूरांचा’ अशी चूक अनेकदा दिसते.